उपचार : देवाचे, पाहुण्यांचे आणि वॉर्डातले

सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर एका बाजूला तक्रार नि तपासणी आणि दुसऱ्या बाजूला ‘उपचार’ असा रकाना असतो. सिस्टर म्हणून नोकरीत असेपर्यंत हा शब्द रोज डोळ्यांखालून जायचा. उपचार म्हणजे गोळ्या, इंजेक्शन, सलाईन. त्यापलीकडं त्यात काही असेल असा विचारही मनात आला नाही. मग निवृत्त झाले, थोरल्या दिरांचे गुडघे गेले, पुतण्या नोकरीपायी बंगळुरूला, आणि घरच्या गणपतीची पूजा आपसूक माझ्याकडं आली. पोथी उघडली तर पहिल्याच पानावर ठळक अक्षरात ‘षोडशोपचार पूजा’.

त्याच दिवशी पुतणी म्हणाली, “काकू, एवढं सगळं जरा औपचारिकच आहे ना? मनापासून हात जोडले तरी पोचतं की.” ‘औपचारिक’ म्हणताना तिनं नाक मुरडलं. ऑफिसात ‘फॉर्मल’ कपडे घालून बसणारी मुलगी ती, तरी पूजेतला फॉर्मलपणा तिला नको होता. तिला मी काहीच बोलले नाही, मोदक करायचे राहिले होते. पण शब्द डोक्यात राहिला. दवाखान्यातला उपचार, पोथीतला उपचार आणि नाक मुरडून म्हटलेलं औपचारिक, ही तिन्ही एकाच घरातली माणसं आहेत हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरात वा. शि. आपट्यांचा संस्कृत कोश आहे, सासऱ्यांच्या वेळचा. त्यात ‘उपचार’ शब्दाखाली अर्थांची रांगच लागते: सेवा, सन्मान, पूजा, सभ्यपणा, रोग्यावरचा इलाज, आणि शेवटाकडं ‘लाक्षणिक प्रयोग’. हा शेवटचा अर्थ मराठीत आपण विसरून गेलो आहोत, त्याच्याकडं नंतर येते. मुळात शब्द साधा आहे. उप म्हणजे जवळ. चर् म्हणजे चालणं, वावरणं. गुरं चरतात तेही त्यातलंच, आणि आचार, विचार, संचार, प्रचार, दिनचर्या, एवढंच काय भ्रष्टाचारही. तेव्हा उपचार म्हणजे कुणाच्या तरी जवळ जाऊन त्याच्यासाठी वावरणं. औषधाचा त्यात मागमूस नाही. मंत्राचाही नाही.

‘उप’ची भावंडं घरात आणखीही आहेत. उपासना म्हणजे जवळ बसणं. उपनयन म्हणजे मुलाला गुरूजवळ नेणं. आणि उपवास म्हणजे जवळ राहणं. साबुदाण्याशी त्याचा मूळचा काही संबंध नाही. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींच्या वैदिक ग्रंथात सुरुवातीलाच याची फार गोड उकल दिली आहे. यज्ञाच्या आदल्या रात्री देव यजमानाच्या घरी येऊन त्याच्याजवळ मुक्काम करतात, म्हणून त्या दिवसाचं नाव उपवसथ. आता घरात पाहुणे आलेले, ते अजून जेवलेले नाहीत, आणि आपण आधी जेवून घ्यायचं हे बरं दिसतं का? माणसांच्या बाबतीत शोभत नाही तर देवांच्या बाबतीत कसं शोभेल? म्हणून त्या रात्री यजमानानं जेवायचं नाही. बस, एवढंच. शरीरशुद्धी, पोटाला विश्रांती वगैरे जे आपण व्हॉट्सॲपवर वाचतो त्यातलं तिथं काही नाही. पाहुण्याआधी जेवू नये हा घरातला रिवाज आहे, आणि या उकलीप्रमाणं उपवासाचं मूळ त्या रिवाजात आहे.

‘पूजा’ या शब्दाचं मात्र असं सरळ नाही. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘पूज पूजायाम्’ असं म्हटलंय, म्हणजे पूज् धातूचा अर्थ पूजा. धन्यवाद, कळलं! ऋग्वेदात हा शब्द जवळजवळ नाहीच. ‘शाचिपूजन’ अशा एका समासात डोकावून जातो तेवढाच. तिथं सगळा कारभार ‘यज्’चा, म्हणजे यज्ञ करण्याचा. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की शब्द दक्षिणेकडून आला असावा. तमिळमध्ये ‘पू’ म्हणजे फूल, तेव्हा पूजा म्हणजे फुलांनी केलेलं कर्म. दुसरे म्हणतात, तिथल्याच ‘पूसु’पासून, म्हणजे लेप लावणं, चोपडणं. यावर भाषापंडितांचं अजून एकमत नाही. मला दुसरा तर्क जास्त आवडतो, कारण शेंदूर थापलेला म्हसोबा डोळ्यांसमोर येतो. पण आवडतो म्हणून खरा ठरत नाही.

यज्ञ आणि पूजा यांत एक फरक मात्र उघड दिसतो. यज्ञात आपण अग्नीत आहुती टाकतो आणि अग्नी ती देवांकडं पोचवतो. पूजेत देवच घरी येतो. आला की त्याचं पुढचं सगळं बघावं लागतं. ‘यजमान’ हा मूळचा यज्ञातला शब्द, यजन करणारा तो यजमान. आणि मराठीत त्याचं काय झालं बघा: पाहुण्यांचं आदरातिथ्य करणारा तो यजमान. (आणि ‘आमचे यजमान’ म्हणजे नवरा. माझे यजमान पाहुण्यांसाठी स्वतः उठून कधी पाणी आणायचे नाहीत, पण शब्दाचा त्यात दोष नाही.)

आता सोळा उपचारांची यादी नुसती वाचा. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. कुठं कुठं यादी थोडी हलते, तांबूल आणि दक्षिणा आत येतात, पण गाभा हाच. या म्हणा, बसा म्हणा, पाय धुवायला पाणी द्या, हातावर पाणी घाला, चूळ भरू द्या, आंघोळ, कोरडे कपडे, गंध-अत्तर, दिवा लावा, पान वाढा. लांबून चालत आलेल्या माणसाला ज्या क्रमानं जे हवं असतं, तोच हा क्रम. पायाला धूळ आहे तोवर जेवायला बसवत नाहीत, आणि बसायला न देता कपडे पुढं करत नाहीत.

हे मी माझ्या मनानं जुळवत नाही. आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती विधींच्या जुन्या ग्रंथात मान्य पाहुणा घरी आला की काय काय पुढं करायचं ते दिलेलं आहे: बसायला विष्टर म्हणजे दर्भाचं आसन, पाद्य, अर्घ्य, आचमनीय, मधुपर्क म्हणजे दही-मध, आणि गाय. हा मान कुणाकुणाला, तर ऋत्विज म्हणजे यज्ञाचा पुरोहित, स्नातक म्हणजे शिक्षण पुरं केलेला, राजा, आचार्य, सासरा, काका, मामा. देव त्या यादीत नाही. यादी माणसांची आहे. पुढं देव पाहुणा म्हणून घरात येऊ लागला तेव्हा हीच पद्धत त्याला लागू झाली, आणखी वाढली, आणि सोळावर जाऊन थांबली. आपल्याकडच्या लग्नात ही जुनी पद्धत अजून जिवंत आहे. सीमांतपूजनाला नवरदेवाचे पाय धुतात, मधुपर्क देतात, नवे कपडे देतात. सीमांत म्हणजे गावाची शीव, वऱ्हाड शिवेवर आलं की करायचं पूजन ते. आता वऱ्हाड शिवेवर थांबत नाही, एसी हॉलमध्ये उतरतं, त्यामुळं लोकांनी त्याचं श्रीमंतपूजन करून टाकलं. खर्च बघता हेही नाव वाईट नाही.

सोळा हा आकडा पुरुषसूक्ताशी छान बसतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या या नव्वदाव्या सूक्तात सोळा ऋचा आहेत, आणि एकेका उपचाराला एकेक ऋचा म्हणायची पद्धत आहे. पहिली ऋचा ‘सहस्रशीर्षा पुरुषः’, ती आवाहनाला. हजार डोकी, हजार डोळे, हजार पाय असलेल्या पुरुषाला घरी बोलवायचं, आणि तिसऱ्या ऋचेला पाय धुवायला पळीभर पाणी द्यायचं. गुरुजींना मी हे एकदा बोलून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, “ताई, पाणी कमी पडलंय असं देवानं आजवर कुणाला कळवलं नाही.”

गुरुजींचा विषय निघालाच आहे तर एक मराठी लकब सांगते. आपण ‘गुरुजी पूजा करायला येणार’ असं म्हणत नाही. ‘पूजा सांगायला येणार’ असं म्हणतो. करणारे आपण, ते नुसतं सांगणार. ‘उजव्या हाताच्या अनामिकेनं गंध लावा’, ‘ताम्हनात पाणी सोडा’, ‘नाकाडोळ्यांना पाणी लावा’. सिस्टरच्या ट्रेनिंगलाही अगदी असंच असतं. ट्यूटर शेजारी उभ्या राहून सांगतात आणि हात विद्यार्थिनीचा चालतो. पूजा सांगणाऱ्याचा वेग मात्र वेगळा प्रकार आहे. गणेशचतुर्थीला आमच्याकडं पूर्वी येणारे एक गुरुजी दारातूनच आचमनाला सुरुवात करायचे, कारण पुढं आणखी घरं वाट बघत असायची. केशवाय नमः आणि नारायणाय नमः यांच्या मधोमध चप्पल निघायची.

पोथी बघून स्वतः पूजा करायला लागल्यावर एका जागी मी अडखळले. सारखं येतं ते ‘अक्षतान् समर्पयामि’. आसन नाही? ‘आसनार्थे अक्षतान् समर्पयामि’. दागिने नाहीत? ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’. छत्र, चामर, गीत, नृत्य, पालखी यांतलं तर काहीच नाही, मग सगळ्याला मिळून ‘राजोपचारार्थे अक्षतान् समर्पयामि’. चार तांदूळ वाहिले की सिंहासन झालं, चार वाहिले की पालखी. पहिल्या वर्षी मला हे चक्क पळवाट वाटलं होतं.

इथं तो आपट्यांच्या कोशातला विसरलेला अर्थ कामाला येतो. न्याय, मीमांसा आणि अलंकारशास्त्र यांत ‘उपचार’ म्हणजे लाक्षणिक बोलणं. ‘हा पोरगा सिंह आहे’ म्हणतो तेव्हा त्याला आयाळ नसते, सिंहाचा शब्द आपण उपचारानं पोराला लावलेला असतो. शास्त्रात ‘औपचारिक’चा अर्थ असा: मूळ जागा सोडून दुसरीकडं लावलेला. मग तांदळाला सिंहासन म्हणणं हा दोन्ही अर्थांनी उपचार झाला. सेवाही आणि लक्षणाही. ज्यांच्याकडं सिंहासन नाही, म्हणजे जवळपास सगळ्याच घरांत, तिथं पूजा अडू नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि मला ती आता फार शहाणपणाची वाटते. तांदूळ तरी अखंड हवेत. अ-क्षत, न तुटलेले. कणी चालत नाही. दागिन्याऐवजी तांदूळ चालतील, पण तांदळाऐवजी कणी नाही! उसन्या गोष्टीलाही दर्जा राखायचा ही अट मला आवडते.

कापसाच्या वस्त्राचंही तसंच. सोवळं-पितांबर नाही म्हणून कापसाचं वस्त्र, पण ते करताना बघा. सरकी काढलेला कापूस चिमटीत घेऊन लोकरीसारखा ओढायचा, मधेमधे दुधाचं बोट लावून पीळ भरायचा, मग ठरावीक अंतरावर मणी धरायचे, नि दोन मण्यांमधल्या पिळाला ओलं कुंकू लावायचं. कुंकू जास्त ओलं झालं की मण्यात उतरतं आणि सगळं गुलाबी होऊन बसतं. माझ्या सासूबाई श्रावणाच्या आधी बसून डबाभर वस्त्रं करून ठेवायच्या, आणि बोलता बोलता करायच्या, हाताकडं न बघता. देवाच्या अंगावर घालायचा दोरा, पण त्यांच्या दृष्टीनं ते खरोखर कापडच होतं. थंडीत जाड करायच्या.

आता वॉर्डातलं सांगते. ही तुलना कुणाला खटकेल, खटकू दे. मेडिसिनच्या वॉर्डात रात्री ॲडमिशन यायची. म्हातारे शेतकरी बाबा, अंगात ताप, एसटीनं आणि मग टमटमनं आलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. डॉक्टर ऑर्डर लिहून जायचे. आमचं काम त्याच्या आधीपासून सुरू व्हायचं. पहिल्यांदा नावानं हाक मारायची: “बाबा, इकडं बघा, नाव काय तुमचं?” शुद्ध किती आहे ते त्यातच कळतं. मग बेड: मॅकिंटॉश म्हणजे रबरी चादर, त्यावर ड्रॉ शीट म्हणजे आडवी कापडी चादर, कोपरे ताणून. मग पाय पुसायचे. मग तोंड: जीभ कोरडी ठक्क झालेली असायची, बोटाला गॉज गुंडाळून ग्लिसरीननं माऊथ केअर. मग स्पंज. मग दवाखान्याचा सदरा. पाठीला पावडर. मग कुठं दूध किंवा पेज.

आवाहन, आसन, पाद्य, आचमन, स्नान, वस्त्र, गंध, नैवेद्य. पोथी वाचताना हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पळी खाली ठेवली आणि हसायलाच लागले. सगळे म्हणाले काकूंना काय झालं.

अर्थात तुलना ताणायला नको. देवाला बेडसोअर होत नाहीत, देवाचे नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर धावून जात नाहीत, आणि वॉर्डात प्रदक्षिणा म्हणजे राउंड म्हटलं तरी मंत्रपुष्पाला काही जोड सापडत नाही. उलट सांगायचं तर वॉर्डात मंत्रपुष्पाच्या वेळेला कुणीतरी डिस्चार्ज मागत असतं. पण क्रम एकच आहे, आणि तो योगायोग नव्हे. थकल्या शरीराला काय आधी लागतं नि काय नंतर, हे घराघरातल्या बायकांना, नोकरचाकरांना ठाऊक होतं. त्यातूनच पाहुणचार आला, त्यातूनच पूजा आली आणि रुग्णसेवाही.

याला माझ्या म्हणण्यापेक्षा भक्कम साक्षीदार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, रोगी, आणि रोग्याजवळ राहणारा माणूस. त्या चौथ्याचे चार गुण: उपचारज्ञता, दक्षता, रोग्याबद्दल जिव्हाळा आणि स्वच्छता. पहिलाच गुण उपचार जाणणं! आणि ज्याच्यासाठी हे म्हटलंय त्याला श्लोकात शब्द आहे ‘परिचर’. परि म्हणजे भोवती, चर् तेच. भोवती वावरणारा. पुढं पंधराव्या अध्यायात दवाखान्यासाठी माणसं कशी निवडायची त्याची यादी येते: वरण-भात रांधणारे, आंघोळ घालणारे, अंग चेपणारे, उठवणारे, निजवणारे, औषध वाटणारे. यांना तिथं ‘परिचारक’ म्हटलंय. शिवाय गाणारे-वाजवणारे आणि गोष्टी सांगणारेही ठेवायला सांगितलेत. आमच्या वेळी भरतीच्या जाहिरातीत गोष्टी सांगणाऱ्यांची जागा कधी निघाली नाही. निघायला हवी होती. रात्रपाळीला त्यांची सर्वात जास्त गरज असते.

परिचारिका हा आमच्या हुद्द्याचा शब्द तिथून आलाय. कागदावर आम्ही अधिपरिचारिका, वॉर्डाच्या इनचार्ज त्या परिसेविका, मेट्रन त्या अधिसेविका. बोलताना कुणीच हे म्हणत नाही. ‘ओ सिस्टर’ एवढंच. सेवापुस्तकातला तो लांबलचक शब्द मला कायम सरकारी बाबूंनी कोशातून उकरून काढलेला वाटायचा. माहेर पंढरपूरकडचं असूनही तो शब्द मी लहानपणापासून ऐकत होते हे मात्र डोक्यात आलं नाही.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात बडव्यांखेरीज, म्हणजे वंशपरंपरेनं मंदिराचा ताबा असलेल्यांखेरीज, सात प्रकारचे सेवाधारी होते: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे. आडनावंच पडली ती. पुजारी प्रत्यक्ष पूजा करायचे, बेणारी मंत्र म्हणायचे, हरिदास पदं गायचे, दिवटे मशाल धरायचे आणि परिचारक देवाच्या आंघोळीचं पाणी आणायचे. चरकाच्या यादीशी ही ताडून बघा. स्नान घालणारे, निजवणारे, गाणारे सगळे हजर. १९७३च्या पंढरपूर मंदिरे कायद्यानं बडवे-सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि अखेर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यावर पडदा पडला. आता मंदिर समितीचे नेमलेले पुजारी असतात. हक्क कुणाचे होते यावर माझी मतं माहेरच्या माणसांत मांडून मी भरपूर भांडले आहे, इथं नको. कामांची वाटणी मात्र बघण्यासारखी होती. एका देवासाठी पूर्ण वॉर्डाचा स्टाफ.

आणि त्या देवाची दिनचर्याही तशीच. पहाटे काकडआरती, मग नित्यपूजा, मग महानैवेद्य, दुपारी पोशाख, संध्याकाळी धूपारती, रात्री शेजारती, मग पलंगावर झोप. राजाला जे जे करतात ते ते, म्हणून राजोपचार. इथं तांदळावर भागवत नाहीत, सगळं खरं असतं. पलंगाला गादी आहे, उशा आहेत.

आषाढी-कार्तिकी जवळ आली की हे बदलतं. यात्रा भरायला लागते, दर्शनाची रांग गोपाळपुराकडं वाढत जाते, आणि एक दिवस ‘देवाचा पलंग निघतो’. शेजघरातला पलंग विधिपूर्वक हलवतात. त्या दिवसापासून देव झोपत नाही. चोवीस तास दर्शन चालू. काकडा, पोशाख, धूपारती, शेजारती बंद, नित्यपूजा आणि नैवेद्य तेवढे राहतात. लाखो माणसं लांबून चालत आलेली असताना आपण निजायचं नाही, असा हा हिशोब. आणि इतका वेळ उभं राहून देवाची पाठ दुखेल म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी मऊ लोड लावतात, रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या. कमरेवर हात ठेवून युगानुयुगं उभा असलेल्या दगडाच्या मूर्तीला पाठीशी लोड! पाठीला आधार द्या, पोझिशन बदला, हे मी नवीन मुलींना घसा कोरडा होईस्तोवर सांगितलेलं आहे. इथं ते कुणी न सांगता चालत आलंय.

पुतणीला मी मागाहून हा लोड सांगितला. ती म्हणाली, “पण काकू, मूर्तीला काय फरक पडतो?” फरक लावणाऱ्याला पडतो वगैरे उत्तर देता आलं असतं, पण ते मला तितकंसं पटत नाही. बेशुद्ध पेशंटलाही आम्ही “बाबा, आता कुशीवर वळवतीये हां” असं सांगूनच वळवतो. त्याला ऐकू येतंय का, याची खात्री कुणी करून घेत नाही. ट्रेनिंगमध्येच तसं शिकवतात, आणि नियम म्हणूनच शिकवतात. मनात माया असो नसो, रात्रीचे तीन वाजलेले असोत, घरी पोर तापानं फणफणलेलं असो, सांगायचं आणि मग वळवायचं. ज्या रात्री मनात काहीच नसायचं त्या रात्री तो नियमच पेशंटला सांभाळायचा. म्हणून ‘औपचारिक’ म्हणताना नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. मनापासून हात जोडणाऱ्याचं मन रोज जागेवर असतंच असं कुठंय? पुतणीचं म्हणणं, हे म्हणजे दोन्हीकडून बोलणं झालं. असेल.

यात्रा पांगली, वारकरी परतले की प्रक्षाळपूजा होते. आधी गाभाऱ्यासकट मंदिर धुऊन काढतात, कारण इतक्या दिवसांत लाखोंचे हात आणि कपाळं पायांना लागलेली असतात. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, मग स्नान, मग पुन्हा उंची पोशाख, अलंकार. पाठीचा लोड निघतो, पलंग परत शेजघरात येतो. आणि रात्री शिणवटा जावा म्हणून देवाला औषधी काढा देतात. पूजेचा उपचार आणि दवाखान्याचा उपचार इथं एकाच वाटीत आहे, आणि ती वाटी देणाऱ्या कुणालाही त्यात दोन शब्द दिसत नाहीत.

जगन्नाथपुरीला तर याहून पुढचं आहे. ज्येष्ठ पौर्णिमेला एकशे आठ घागरींनी स्नान घातल्यावर देवाला ताप येतो, आणि तो पंधरा दिवस आजारी रजेवर असतो. दर्शन बंद, दैतापती म्हणजे देवाचे खास सेवक त्याची शुश्रूषा करतात, औषधं देतात, बरा झाला की मग रथयात्रा. आमच्या विठोबाला एवढी रजा नाही. काढा रात्री घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला हजर.